थोरांना ताक पाजणारी बाई

आप्पांच्या प्रत्येक पुस्तकात थोर माणसाला मांडवगण फराट्याजवळ, म्हणजे आप्पांच्या गावाजवळ, तहान लागते. मग एक बाई बांधावरून हाक मारते, तांब्याभर ताक देते आणि थोर माणूस पुढच्या प्रकरणाला लागतो. मोहिमेवरून परतणारा राजा असो की पायी हिंडणारा समाजसुधारक, ताक प्यायल्याशिवाय सुटका नाही. एका विलायती शास्त्रज्ञाच्या चरित्रात मात्र पंचाईत झाली. तिथं आप्पांनी लिहिलं, ‘हे गृहस्थ आमच्याकडे कधीच आले नाहीत. आले असते तर त्यांनाही ताक मिळालं असतं.’

माझं दौंडला छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांतून वेळ काढून मी आप्पांची पुस्तकं छापतो. आप्पांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं; ते स्वतः साखर कारखान्यात टाइमकीपर होते. रिटायर झाल्यावर जे लिहीत सुटले ते थांबायचं नाव नाही. राजे झाले, पैलवान झाले, गायिका झाल्या. मग खेड्यात चहा कसा आला, याचा सामाजिक इतिहास झाला. त्यातही बाई आहेच! गावात पहिल्यांदा चहा उकळला तेव्हा तिनं नाक मुरडलं, असा उल्लेख आहे. एसटी स्टँडवर ही पुस्तकं चांगली खपतात, हेही कबूल केलं पाहिजे.

मी शंका काढली की आप्पांचं उत्तर ठरलेलं. “आता मला सांगा भाऊ, मोठ्या माणसाला तहान लागत न्हाई व्हय?”



यंदा पुण्याच्या एका प्रकाशकांचा फोन आला. सगळी पुस्तकं नव्यानं काढायची, शाळांच्या ग्रंथालयांत पाठवायची. अट एकच, ती ताकवाली बाई गाळायची. आप्पांना अशी संधी कधी मिळाली नव्हती. मी हुरळूनच गेलो.

“काढून टाकू की, आप्पा. काय अडतंय?”



“भाऊ, ती माझी आई हाय,” आप्पा म्हणाले. “ती गेली तवा मी रांगत हुतो. फोटू न्हाई. वडलांनी सांगितलं ते एवढंच, वाटंनं जाणाऱ्याला ताक पाजल्याबिगर ती सोडत नव्हती. जगाची चरित्रं लिवली, आन् तिचं लिवाया बसलो तर एका वळीत संपलं. एका वळीचं पुस्तक कोण छापंल? म्हणून तिला मोठ्या माणसांत ठिवली.”

 मग त्यांनी चाचरत विचारलं, “वाचताना ती खरी वाटती का हो?”

आता खरं सांगायचं तर आप्पांचे राजे मला कधीच राजे वाटले नाहीत. सगळे कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहिल्यासारखे बोलतात. पण आप्पांच्या तोंडावर हे सांगायची माझी छाती झाली नव्हती.

“आप्पा,” मी म्हणालो, “तुमच्या सगळ्या पुस्तकांत तेवढी एकच खरी वाटते.”

आप्पा लहान मुलासारखे हसले.

“मग पुण्याला न्हाई म्हणून सांगा,” ते म्हणाले. मी त्यांच्यासमोरच फोन लावला.