फारूकभाई ऐकून घेतात

"बकरी ईदच्या आत जनरल मॅनेजर न्हाई झालो, तर नाव बदलीन!"

फारूकभाई मुल्लांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या तोंडात घास होता, डाव्या हातात मोबाइल होता आणि टेबलाखाली उजवा पाय शिलाई मशीन चालवावं तसा हलत होता.

"आदी घास गिळा," त्यांची बायको तरन्नुम म्हणाली. "मग काय व्हायचं ते व्हा."

कवठे महांकाळच्या बाहेर लालासाहेबांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. फारूकभाई तिथं सतरा वर्षं असिस्टंट मॅनेजर होते. सतरा वर्षं! केस गेले, चष्मा आला, पण 'असिस्टंट' काही जाईना. त्यात लालासाहेबांनी लोणंदला दुसरं स्टोअरेज काढलं आणि तिथं जनरल मॅनेजर नेमणार अशी बातमी फुटली. त्या दिवसापासून फारूकभाईंचं बूड जागेवर ठरेना. चहा अर्धा टाकून उठायचे, नमाजेला निघाले की टोपी विसरायचे, आणि शेवटी एका रात्रीत त्यांनी पुण्याच्या एका संस्थेच्या एक्झिक्युटिव्ह मॅनेजमेंट कोर्सला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवार, लॅपटॉपवर. वरती इस्त्रीचा शर्ट, खालती लुंगी! मागून तरन्नुमला जायचं असेल तर तिनं वाकून जायचं, कारण वर्गात मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब बसलेले असत.

एका रविवारी मॅडमनी सांगितलं, "खरा लीडर बोलत नाही, ऐकतो. समोरच्याचं म्हणणं ऐका आणि तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगा. माणसं तुमच्यासाठी जीव देतील!"

फारूकभाईंना कुणाचा जीव नको होता, खुर्ची हवी होती. पण उपाय त्यांना फार आवडला. सोमवारी सकाळी केबिनचं दार उघडं टाकून ते ऐकायला बसले.

पहिल्या आल्या बनाबाई. बेदाणा निवडणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या.

"सायेब, येत्या गुरवारी माज्या भाचीचं लगीन हाय. आमा समद्या बायकांस्नी सुट्टी पायजे."

फारूकभाई पुढं वाकले. हात जुळवले. डोळ्यांत डोळे घातले.

"म्हणजे बनाबाई, तुमचं म्हणणं असं, की गुरुवारी निवडणाऱ्या सगळ्या बायकांना सुट्टी हवी."

"व्हय."

"समजलं मला."

बनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं! "लय मोठ्या मनाचं हायसा सायेब," म्हणत त्या गेल्या. फारूकभाई खूश. काय तो कोर्स! पहिल्याच झटक्याला डोळ्यांत पाणी!

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी फारूकभाईंना सतरा वर्षं माहीत होती आणि नेमकी त्या सोमवारी आठवली नाही. लालासाहेब कुणालाही तोंडानं 'हो' म्हणत नाहीत. मागणं खालमानेनं ऐकतात आणि तेच एकदा आपल्या तोंडानं म्हणतात. म्हटलं, की मंजूर! नाही म्हणायचं असेल तर आभाळाकडं बघतात आणि पावसाचं विचारतात. अख्ख्या पंचक्रोशीला ही रीत पाठ आहे.

दुपारी टेम्पोचा ड्रायव्हर अमृत आला. "सायेब, गुरवारी बायकास्नी लग्नाला न्यायाला आपला टेम्पो पायजे."

"म्हणजे अमृत, तुझं म्हणणं असं, की बायकांना लग्नाला न्यायला टेम्पो हवा."

अमृतनं तिथंच सलाम ठोकला आणि टेम्पो धुवायला पळाला.

मंगळवारी कुंडलचे नाथाजी आले. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले, आता द्राक्षबागायतदार. "फारूकभाई, गुरुवारी सौद्याला माल न्यायचा हाय. फस्ट नंबर माजा. माज्या आदी कुनाचा बॉक्स भायेर पडता कामा न्हाई!"

"म्हणजे नाथाजीराव, तुमचं म्हणणं असं, की गुरुवारी तुमचा माल सगळ्यांच्या आधी बाहेर पडावा."

"करेक्ट!" नाथाजी म्हणाले. कुंडलला जाऊन त्यांनी पारावर सांगितलं, आणि बुधवारी तिथले आणखी चार बागायतदार आले. प्रत्येकाला पहिला नंबर हवा होता. फारूकभाईंनी चौघांचंही मन लावून ऐकलं, चौघांचंही त्यांना परत सांगितलं, आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, 'माझी माणसं आता मोकळेपणानं बोलतात!' मॅडमनी अंगठा पाठवला.

गुरुवारी सकाळी लालासाहेब लोणंदच्या नव्या भागीदाराला घेऊन कामकाज दाखवायला आले. भावी जनरल मॅनेजरही दाखवायचा होता.

गाडी गेटातून आत आली आणि अडकली. आवारात पाच ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे! कुणी मागं घ्यायला तयार नाही. निवडायच्या टेबलांवर बेदाण्याचे ढीग, आणि टेबलापाशी एक बाई नाही. टेम्पो नाही. नाथाजींनी चेंबरचं दार सताड उघडून धरलेलं, बाकीचे चौघं हाताला येतील ते बॉक्स ओढतायत, आतली गारठलेली हवा धूर होऊन अंगणात येतेय. भागीदार बिचारा बॉक्सांच्या पसाऱ्यावरून धोतर सावरत आला.

"फस्ट नंबर माजा हाय!" नाथाजी गरजले.

"मला सायेबानं सोता म्हटलंय!"

"मला बी म्हटलंय!"

फारूकभाई केबिनमधून धावत आले. "अवं, मी कुनालाच व्हय म्हटलं न्हाई! मी नुसतं तुमचंच म्हननं तुमास्नी परत सांगितलं!"

"मग आनि व्हय कसं म्हनत्यात?" नाथाजींनी विचारलं. "मालक असंच म्हनत्यात की!"

फारूकभाईंच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. पाय हलायचा थांबला आणि सगळं अंगच हलायला लागलं.

भागीदारानं हळूच विचारलं, "लालासाहेब, जनरल मॅनेजर म्हनत व्हता ते हेच का?"

लालासाहेबांनी मान वर केली, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "यंदा पाऊस कसा काय व्हील?"

पावसाचा अर्थ फारूकभाईंना कुणी सांगायला नको होता. सतरा वर्षांत इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

भागीदार गेल्यावर ते केबिनमध्ये जाऊन मालकांसमोर रडकुंडीला आले. लालासाहेबांनी सगळं ऐकलं आणि उसासा टाकला.

"मानूस तू सोन्यासारका हायस रं. पर तुला न्हाई म्हनता येत न्हाई. असं कर, उद्या लोणंदला जाऊन बस. तितं अजून मानूस न्हाई, माल न्हाई, नुसती शेड हाय. लाइटची जोडणी तेवढी यायची ऱ्हायलीया. सा म्हैनं झालं मी हेलपाटं घालतोय. ती घेऊन दावलीस, तर जनरल मॅनेजर तूच. आनि ध्यानात ठेव, कोन काय बी मागाय आला तर एकच बोलायचं. न्हाई!"

संध्याकाळी तरन्नुमनं तयारी करून घेतली.

"मला म्हायेरला जायाचंय!"

"न... न्हाई."

"जोरात! मला ईदला नवी साडी पायजे!"

"न्हाई!"

"ह्ये मातूर झटक्यात शिकलासा," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटू लागली.

शुक्रवारी लोणंदच्या शेडखाली एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत फारूकभाई बसले. पहिला आला मेंढपाळ. मेंढरं सावलीला बसवू का? "न्हाई!" मग एक जण आला, गेटाजवळ वडापावची गाडी लावू का? "न्हाई!" मग पुतण्याला वॉचमन म्हणून घ्या म्हणणारा. "न्हाई!" प्रत्येक 'न्हाई'बरोबर छाती बोटभर फुगत होती. पाय कधी हलायचा थांबला ते त्यांना कळलंसुद्धा नाही. किती सोपं होतं हे! सतरा वर्षं उगाच वाया घालवली!

जुम्म्याच्या नमाजेहून येऊन ते पुन्हा टेकतात तोच एक मोटारसायकल शेडपाशी थांबली. वरचा गडी घामानं निथळत होता.

"सायेब, आजच जोडून टाकायची का—"

"न्हाई!"

गड्याचा चेहरा उजळला. "लय उपकार झालं! ह्या उनात खांबावर चढायचं जिवावरच आलंतं बगा. मग पुढल्या म्हैन्यात येतो!" आणि किक मारून तो वळला.

फारूकभाईंनी समाधानानं पाय पसरले. मग त्यांना मोटारसायकलच्या मागं बांधलेलं काळ्या वायरचं भेंडोळं दिसलं.

खुर्ची उलटी पडली. नवे बूट चावत होते, ते हातात घेऊन फारूकभाई भर दुपारी लोणंदच्या रस्त्यानं धावत सुटले. "ओ वायरमन! ओ भाऊ! व्हय! व्हय! व्हय!"

तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. लालासाहेब.

"काय रं फारूक, आला का वायरमन?"

"आलाय की मालक," फारूकभाई धापा टाकत म्हणाले. "म्हंजे... दिसतोय अजून!"