जळमावशीचा मुक्काम

केशरबाईच्या विहिरीच्या पाण्याला लसणाचा वास येतोय, अशी पहिली तक्रार आली तेव्हा तिची भाची मोनिका कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात अडकून बसली होती. आत्यानं बाहेरून सांगितलं, विहिरीत कुणी काय टाकलं बघ गं. मोनिका हो म्हणाली आणि पुन्हा मोबाईलवर टाईप करायला लागली. तिथंच चुकलं. तेव्हाच उठून बघितलं असतं तर पुढची शोभा टळली असती.

आई-बाप ऊसतोडीला गेले की मोनिका पाथर्डीजवळच्या वस्तीवर आत्याकडं राहायची आणि तिथून कॉलेजला जायची. यंदा तिनं आपल्या वयाच्या पोरापोरींसाठी भुताखेतांची कादंबरी लिहायला घेतली होती. हडळ, मुंजा, वेताळ हे सगळे दुसऱ्यांनी वापरून जुने करून टाकलेले. म्हणून तिनं स्वतःचीच एक बाई बनवली, जळमावशी. कान शेळीचे, पाठीवर शेवाळ आणि पाय नाहीतच. तिला राहायला विहीर पाहिजे म्हणून आत्याची विहीर जशीच्या तशी उचलली, वाकड्या उंबरासकट आणि मोटारीच्या निळ्या पेटीसकट. आता हिला शांत कशानं करायचं, हा विचार चालू असताना आत घरात आत्या शेंगोळे शिजवत होती. हुलग्याचं पीठ, भरपूर लसूण, वर तेल. वास आला, पोटात कावळे ओरडले आणि मोनिकानं लिहून टाकलं की जळमावशीला शेंगोळे आवडतात, न मिळाले तर ती घरच्या माणसांवर फिरते.

इथवरही ठीक होतं. पण तिची मैत्रीण पंकजा ऊसतोडीवर होती. दिवसभर मोळ्या वाहून तिचे डोळे मिटायचे, वाचायचं कुठून? म्हणून मोनिकानं पाचवं प्रकरण आपल्या आवाजात बोलून तिला पाठवलं. पंकजानं ते कोपीवर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, मोठ्यानं लावलं. आधीची चार प्रकरणं कुणी ऐकली नव्हती, त्यामुळे ही कादंबरी आहे हे कुणाच्या ध्यानात येणार? उंबर ओळखीचा, निळी पेटी ओळखीची, आवाजही ओळखीचा. वस्ती सोडून लांब आलेली माणसं, घरी म्हातारी आणि लेकरं ठेवून आलेली. ज्यानं त्यानं घरी फोन लावला, की आमच्या नावानं विहिरीत शेंगोळे सोडा.

मोनिका अखेर विहिरीवर गेली तेव्हा पाण्यावर शेंगोळ्यांची साय धरली होती. अख्खी वस्ती पिण्याचं पाणी इथूनच न्यायची. केशरबाईनं जन्मात कुणाला पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. आता बायकाच तिची नजर चुकवून हंडे घेऊन लांबच्या हापशावर निघाल्या होत्या आणि आत्या काठावर गाळणी घेऊन एकेक शेंगोळा वेचत होती. ते बघून मोनिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तिथंच सगळ्यांसमोर कबूल केलं. असली कुणी मावशी नाही, मी मनानं रचलीय, माझं चुकलं. शेजारची छबूबाई हातातलं शेंगोळ्यांचं ताट सावरत ऐकून घेत होती. तेवढ्यात उंबराखाली बसलेले पुंजाराम आजोबा खाकरले.

"पोरी, म्या पायलंय तिला. दुष्काळात, ह्याच विहिरीत. कान शेळीचंच हुतं."

"घ्या," छबूबाई म्हणाली. "तू बनवली म्हंतीस, मंग आजोबांला कशी दिसली?"

छबूबाईनं ताट विहिरीत उपडं केलं आणि हात जोडले.

घरी आल्यावर आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीला पाणी दिलं, तेही हापशाचं, आणि म्हणाली, "तू बसवलीस, आता तूच उठव तिला. लिही म्होरलं."

"काय लिहू?"

"लिही की मावशी विहिरीतून उठली. आन जिनं तिची गोष्ट सांगितली, तिच्या खोलीत ऱ्हायला गेली."

"माझ्या खोलीत?"

"मंग काय माझ्या?"

अडलेलं सहावं प्रकरण असं सुटलं. मोनिकानं मान खाली घालून ते रेकॉर्ड केलं आणि पंकजाला धाडलं. कोपीवरून पुन्हा फोन आले. इकडं वस्तीवर मोटार लावून विहीर उपसली. तळातला गाळ मोनिकानं घमेल्यानं काढला. नवं पाणी आलं तसे हंडेही परत आले. छबूबाईनं पहिला हंडा भरला तेव्हा आत्यानं पदरानं डोळे पुसले, आणि मोनिकाला पुन्हा नव्यानं लाज वाटली.

ताटं मात्र आता खोलीच्या दाराशी यायला लागली. बाया दार वाजवायच्या नाहीत, ठेवून लगबगीनं निघून जायच्या. नैवेद्य टाकायचा नसतो, असं आत्यानं बजावलेलं. मोनिका सकाळी शेंगोळे खायची, संध्याकाळी शेंगोळे खायची. कॉलेजात लसणाच्या वासानं शेजारची मुलगी बाक बदलून बसली.

एका दुपारी पुंजाराम आजोबा हळूच दार लोटून आत आले. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले.

"त्या दिशी लबाड बोललो म्या," ते म्हणाले. "मला काय बी दिसलं न्हवतं. पन म्हाताऱ्याचं कोन ऐकतंय गं? त्या दिशी समदी माझ्याकडं बघत हुती. मला सोडवंना."

मोनिकाला त्यांचा राग यायला हवा होता, पण आलं ते रडूच. तिनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. दोघंही खाली मान घालून जेवायला लागले. पोरीनं रचलेली थाप आणि म्हाताऱ्यानं मारलेली थाप, दोन्ही मिळून शेंगोळे खात होत्या म्हणा ना. आजोबांना तिखटाचा ठसका लागला. ते चांगलेच खोकले, घोगऱ्या आवाजात.

दाराबाहेर ताट ठेवायला वाकलेली छबूबाई तशीच मागं सरली.

दुसऱ्या दिवशी दाराशी शेंगोळे कमी तिखटाचे होते. शेजारी आल्याचा काढा होता, वर ताटली झाकून, आणि छबूबाईनं आत्याजवळ निरोप ठेवला होता की मावशीला इतकी वर्षं पाण्यात राहून खोकला झालाय, तेव्हा मोनिकानं रात्री आपलं पांघरूण तिच्या अंगावर घालावं.

मोनिकानं मुकाट्यानं काढा उचलला आणि आजोबांना नेऊन दिला.