पान क्रमांक दोन

दत्तात्रय कोरडे गुरुजी शाळेतून घरी आले तेव्हा वच्छला ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. पाण्याचा तांब्या पुढे करत ती सहज म्हणाली, "तुमचा लिफाफा टाकला बरं टपालात. सकाळी कागदं उडाले होते घरभर, तेही मीच गोळा करून लावले."

गुरुजींचा तांब्या ओठांपर्यंत जाता जाता थांबला. "कोणते कागदं?"

"भैय्याजीच्या भाषणाचे. दुसरे कोणते राहतेत आपल्या घरी?"

सौंसरचे भैय्याजी बोडखे खासदार होते. माणूस संत्र्याच्या बागांत वाढलेला, मनाने मोकळा; पण दिल्लीला जाऊन इतकी वर्षं झाली तरी सभागृहात त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. या खेपेला मात्र त्यांना दोनदा बोलायला मिळणार होतं. एकदा परराष्ट्र धोरणावर आणि दुसऱ्या दिवशी शेतीच्या प्रश्नांवर. दोन्ही भाषणं हिंदीत लिहून देण्याचं काम त्यांनी गुरुजींवर सोपवलं होतं, आणि तेही गुपचूप. कारण गुरुजी सरकारी शाळेत होते, आणि सरकारी नोकराने राजकारणात बोट घालायचं नसतं.

त्यात हे दिवस वाईट. नवं राज्य होऊन जेमतेम महिना झाला होता. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती, आणि पांढुर्ण्याच्या मास्तरांच्या खोलीत रोज नव्या गावांची नावं ऐकू येत. झाबुआ. भिंड. मुरैना. कोणी म्हणे, तिकडे पत्र पोचायला नऊ दिवस लागतात. कोणी म्हणे, तिकडे ज्वारीची भाकर कोणाला माहीत नाही. बदलीचा हुकूम कोणालाच आला नव्हता, पण भीती सगळ्यांना पोचली होती.

"कशे लावले?" गुरुजींनी विचारलं.

"कशे म्हणजे? एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. टाचणी लावली अन् झालं."

"दोन भाषणं होते ते. दोन नंबरचे पानं दोन होते."

"हाव, होते ना. म्हणून तर वाचून लावले. मले का वाचता नाही येत? पयल्या पानावर तुमचं वाक्य अर्धं होतं, ते दुसऱ्यावर बरोबर जुळलं."

गुरुजींनी पेटी उघडून कच्चे कागद काढले. त्यांची एक आवडती वाक्यरचना होती, आणि दोन्ही भाषणांत पहिलं पान नेमकं तिच्यावरच संपत होतं: 'अध्यक्ष महोदय, यांच्या बाबतीत आपलं धोरण एकच असलं पाहिजे, आणि ते म्हणजे'.

"दूरदेशच्या पाहुण्यायच्या पानाले कोणतं दुसरं पान लावलं?" त्यांचा आवाज आता खाली आला होता.

वच्छला आठवू लागली. "ते गोळीवालं."

गुरुजी मटकन खाटेवर बसले. पहिल्या भाषणात भैय्याजी म्हणणार होते की, आज देशोदेशीचे पाहुणे आपल्या दारी येत आहेत, आणि त्यांच्या बाबतीत आपलं धोरण एकच असलं पाहिजे, आणि ते म्हणजे मैत्रीचं. दुसरं भाषण होतं रानडुकरांवर. बोरगावपासून लोधीखेड्यापर्यंत डुकरांनी बागा उकरून टाकल्या होत्या, आणि त्यांच्या बाबतीत धोरण एकच, ते म्हणजे सरळ गोळी घालण्याचं. ते कळपाने येतात, पोटभर खातात, घाण करून जातात. गावोगाव बंदुकीचे परवाने द्या म्हणजे एकही परत जाणार नाही.

"जुळलं होतं ना पण?" वच्छलाने विचारलं.

"जुळलं," गुरुजी म्हणाले. "लय चांगलं जुळलं."

आता परदेशांचे राजदूत सभागृहाच्या गॅलरीत बसलेले असणार, आणि त्यांच्यादेखत भैय्याजी सांगणार की पाहुण्यांना गोळ्या घाला. मग चौकशी होणार. हस्ताक्षर कोणाचं, हे विचारणार. गुरुजींचं अक्षर जिल्ह्यात पहिलं आलेलं होतं. अक्षर सुंदर असल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

"झाबुआले संत्रे भेटतेत का जी?" वच्छलाने थोड्या वेळाने विचारलं. तीही घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी गुरुजी तारघरात गेले. त्यांनी इंग्रजीत मजकूर लिहिला: 'पान दोन धोकादायक. वाचू नका.' खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिलं, 'हितचिंतक'.

तारबाबूने कागद डोळ्यांजवळ धरला. "गुरुजी, खासदाराले तार. हे राजकारण तर नव्हे?"

"नाही जी. पोथीचं हाय. भैय्याजीनं पारायण धरलं."

"मंग दुसरं पान काहून नाही वाचायचं?"

"त्या छपाईत दोष हाय. वाचणाऱ्याले बाधते."

तारबाबूने लेखणी खाली ठेवली. "आमच्या घरी बी पारायण चालू हाय. कोणत्या छापखान्याची पोथी?"

"ते काही माहीत नाही," म्हणून गुरुजींनी पाय काढला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन घरांत पोथीचं दुसरं पान वाचायचं बंद झालं, आणि एका म्हाताऱ्या बाईने तर गुरुजींनाच रस्त्यात गाठून विचारलं की, आधीच वाचून झालं असेल तर काय उतारा करावा. गुरुजींनी तिला उपास सांगितला. स्वतः त्यांच्या उपासाचा तो दुसरा दिवस होता. लिफाफा गेल्याचं कळल्यापासून ते जेवलेच नव्हते.

पुढचे दिवस त्यांनी नागपूरच्या गाडीवर काढले. गाडीने वर्तमानपत्र येई. गुरुजी स्टेशनवर जात, अंक विकत घेत आणि संत्र्याच्या टोपल्यांआड उभे राहून वाचत. शुक्रवारी आतल्या पानावर परराष्ट्र धोरणाच्या चर्चेची बातमी होती. मोठमोठ्यांची भाषणं रकानेच्या रकाने दिली होती. अगदी शेवटी एक ओळ होती: 'श्री. बोडखे यांचेही भाषण झाले.'

घरी येऊन त्यांनी ती ओळ वच्छलाला दाखवली.

"भाषण झालं म्हणतेत. म्हणजे चांगलंच झालं असन," ती म्हणाली.

"हे 'ही' पाह्य. 'यांचेही'. हे 'ही' काहून लिवलं?"

वच्छलाने वाकून पाहिलं. "रागानं लिवल्यासारखं तर नाही दिसत."

"छापण्याजोगं नसन, म्हणून छापलं नाही. सरकारनं दाबलं असन."

शनिवारच्या अंकात तर बोडख्यांचं नावच नव्हतं, आणि पुढचा आठवडा त्यांनी कसाबसा काढला. रविवारी दुपारी सौंसरहून निरोप आला: भैय्याजी दिल्लीहून आले आहेत, गुरुजींना लगेच बोलावलं आहे. निरोप्याने 'लगेच' हा शब्द दोनदा सांगितला. गुरुजींनी धुतलेलं धोतर नेसलं, देवाला हात जोडले आणि वच्छलाला सांगितलं, "मी सगळं कबूल करून टाकतो. तुझं नाव नाही सांगत."

"माझं नाव काय सांगता? भाषण का मी लिवलं?" ती म्हणाली, पण तिने त्यांच्या पिशवीत बेसनाचे दोन लाडू ठेवले.

बसमध्ये त्यांनी कबुलीचं वाक्य घोकलं. 'भैय्याजी, चूक माझी आहे.' सौंसर येईपर्यंत ते पाठ झालं.

भैय्याजींच्या अंगणात बोरगावचे दहा-बारा शेतकरी बसले होते. पुढे चिंधू होता, ज्याची अख्खी बाग डुकरांनी उकरली होती. भैय्याजी खुर्चीवर होते, आणि आठ दिवसांत ते वाळल्यासारखे दिसत होते. त्यांनी एक सरकारी पाकीट गुरुजींच्या हातात दिलं.

"दिल्लीहून उत्तर आलं. इंग्रजीत हाय. वाचून सांगा यायले."

गुरुजींनी पत्र उघडलं. मंत्रालयाने कळवलं होतं की, रानडुकरांशी मैत्रीचे संबंध ठेवण्याच्या माननीय सदस्यांच्या उदात्त भावनेची सरकारने नोंद घेतली आहे. त्यांची हजारो वर्षांची परंपरा आणि परस्परांच्या घरी येण्याजाण्याची सूचनाही विचारात घेतली आहे. ही भूमिका पाहता बंदुकीचे परवाने देण्याची तूर्त आवश्यकता दिसत नाही.

"काय म्हणते सरकार?" चिंधूने विचारलं. त्याच्या हातात उकरलेल्या झाडाचं मूळ होतं. पुरावा म्हणून तो ते बोरगावहून घेऊन आला होता.

गुरुजींना त्या मुळाकडे पाहवेना. झाबुआची भीती एका बाजूला राहिली. "सरकारनं नोंद घेतली हाय," ते म्हणाले. "पण आणखी एक सविस्तर अर्ज लागते. तो मी आत्ता लिवून देतो. तुमी सगळे सह्या, आंगठे करा."

तिथेच ओट्यावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. या खेपेला 'आणि ते म्हणजे' कुठेही नव्हतं. सगळा मजकूर एकाच पानात बसवला. शेतकरी गेले तशी भैय्याजींनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई चहा ठेवून बाहेर गेल्या. गुरुजींनी कबुलीसाठी तोंड उघडलं.

"भैय्याजी, चूक..."

"चूक माझी हाय, गुरुजी," भैय्याजी म्हणाले.

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं.

"कसं सांगू तुमाले. भाषणाच्या दिवशी सकाळी मले धमकीची तार आली. बाजूच्या खासदारानं वाचून सांगतली. 'पान दोन धोकादायक, वाचू नका.' खाली नाव नाही, नुसतं हितचिंतक. मी त आयुष्यात कधी इतका भेलो नाही. हातपाय लटलट कापून राहिले होते. त्यातच पायऱ्यांवर सगळे कागदं हातातून सुटले. कशेबशे गोळा केले, अन् जशे हातात आले तशे लावले."

"मंग?" गुरुजींनी बारीक आवाजात विचारलं.

"मंग काय. पाहुण्यायच्या भाषणात पयलं पान वाचलं. 'आपलं धोरण एकच, आणि ते म्हणजे' असं म्हटलं, अन् घंटी वाजली. वेळ संपला. बसलो खाली."

गुरुजींनी इतका मोठा श्वास सोडला की बशीतला चहा हलला.

"दुसऱ्या दिवशी डुकरं. पयलं पान खणखणीत वाचलं, दुसरं उलटलं, अन् तोंडातून निघालं 'मैत्रीचं'. लोकं हासू लागले. तवाच मले समजलं, पानं बदलले. पण पयल्यांदा उभा राहिलो होतो, गुरुजी. बसलो असतो त म्हणले असते, बोडख्याले वाचता बी येत नाही. धमकीले भेला म्हणले असते. म्हणून वाचत गेलो. डुकरायले घरी जेवाले बोलवण्यापर्यंत वाचलं." त्यांनी गुरुजींचा हात धरला. "तुमी इतक्या मेहनतीनं लिवलं, अन् मी माती केली. पण हे कोणाले सांगू नका. चिंधूले त बिलकुलच नाही. अन् तो हितचिंतक एकदा सापडू द्या मले, पाय मोडून हातात देतो."

गुरुजींचं घोकलेलं वाक्य तोंडात तयार होतं. तीन शब्द बाहेर पडले असते तर सगळं मोकळं झालं असतं. पण भैय्याजींचा हात मोठा होता, आणि तो अजून त्यांच्या हातावरच होता.

"होते असं, भैय्याजी," ते शेवटी म्हणाले. "घाईत होते माणसाच्या हातून."

"तुमचं मन मोठं हाय," भैय्याजी म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

चैत्रात बोरगावला तीन बंदुकीचे परवाने आले. पण ते पुढचं. त्या रविवारी दिवेलागणीला गुरुजी पांढुर्ण्याला उतरले तेव्हा वच्छला दारातच उभी होती. तिने सामानाची बांधाबांधसुद्धा सुरू केली होती. पितळेची भांडी पोत्यात गेली होती.

"काय झालं जी? भैय्याजी रागावले?"

"नाही," गुरुजी चपला काढत म्हणाले. "मिटलं सगळं. माफ केलं."

"देवच पावला," ती म्हणाली. "त्यायनं तुमाले माफ केलं म्हणजे मोठाच माणूस."

गुरुजींनी पाय धुतले, टॉवेलने पुसले, आणि म्हणाले, "त्यायनं मले नाही. मी त्यायले."