भट्टीतला कटला

"तळायचा नाही, परतायचा नाही! मासा असा करून दाखवतो, की तू दुसऱ्यांदा ताट पुढे करशील!" आमोस सरांनी शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात जाहीर केलं.

शेवगावात पस्तीस वर्षं भूगोल शिकवून सर निवृत्त झाले होते. गेल्याच आठवड्यात त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि त्यांच्या बायकोनं, आराधनाबाईंनी, त्याच संध्याकाळी कढई माळ्यावर टाकली. शनिवारचा तळलेला मासा बंद! सरांना वाटलं, कुणीतरी आपलं पेन्शन बंद केलंय.

"करा की," बाई म्हणाल्या. "जमलं तर दर शनिवारी मासा. नाही जमलं तर रिपोर्ट सुधारेपर्यंत या घरात मासळीचं नाव निघणार नाही."

सर ईर्ष्येला पेटले. जायकवाडीच्या फुगवट्यावरून आलेला ताजा कटला आणला, उकडला, चष्मा नाकावर ओढून एकेक काटा वेचला. त्यात गाजर, फरसबी, उकडलेला बटाटा, कोथिंबीर, मिरची घातली आणि रव्यात घोळवून चोवीस गोल वड्या थापल्या. मोबाईलवरची बाई त्यांना फिश केक म्हणत होती. "आता ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवा," असंही ती म्हणाली.

आता घरात ओव्हन कुठला? पण गावात हनुमंतची बेकरी होती. घरचं पीठ नेऊन द्यावं, तो भट्टीत नानकटाई भाजून देतो. शिवाय हनुमंत सरांचाच विद्यार्थी! सर ट्रेवर फडकं टाकून निघाले.

"काय हाय सर यात?"

सर क्षणभर अडखळले. मासा म्हटलं तर हा भट्टीचं दार उघडणार नाही.

"केक आहेत. भाज्यांचे."

"भाज्यांचे केक?" हनुमंतने डोकं खाजवलं, पण मास्तरांना उलटून विचारायची सवय त्याला शाळेतही नव्हती. ट्रे भट्टीत गेला.

अर्ध्या तासात सर विजयी वीरासारखे घरी परतले. रंग खरपूस, वजनाला हलके! एक तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. माशाला वेलदोड्याचा वास! तुपाचा, साखरेचासुद्धा! जणू कटला लग्नाला जाऊन आला होता.

"माझ्या मेहनतीची माती केली या पोरानं!" सर कडाडले. बाई अंघोळीला गेल्या होत्या. ट्रे ओट्यावर आपटून सर तरातरा बेकरीवर पोहोचले.

तिथे आधीच गर्दी! सकाळीच नानकटाई भाजायला दिलेल्या दगडाबाई पत्र्याचा डबा छातीशी धरून ओरडत होत्या. शाळेतल्या स्नेहल मॅडम खारीचा पुडा नाचवत होत्या. हनुमंत घामाघूम होऊन भट्टीत बांबू ढोसत होता. फरशीवर फिनेलचा पूर आला होता.

कोण काय म्हणतंय हे ऐकायला सर थांबलेच नाहीत. गर्दी दिसली की भाषण करायचं, ही पस्तीस वर्षांची सवय!

"बरोबर आहे यांचं!" ते गरजले. "भट्टी साफ ठेवता येत नाही तुला? लोकांच्या खाण्याशी खेळतोस? हेच शिकवलं होतं मी?"

"बगा! सरबी तेच म्हनत्यात!" दगडाबाईंना जोर चढला. "माज्या पूजाला होस्टेलवर धाडायची नानकटाई! डबा उघडला की पोरी खिडकीतून उड्या टाकतील!"

"सर, आईची आन," हनुमंत रडकुंडीला आला. "सगळी भट्टी उलथीपालथी केली. मेलेला उंदीर न्हाई, घूस न्हाई, काईच न्हाई!"

"मग माझ्या केकना वास कसा आला?"

"तुमच्याबी?" स्नेहल मॅडम पुढे सरसावल्या. "कसला वास, सर?"

"वेलदोड्याचा!"

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या.

"वेलदोड्याचा आला तर बिघडलं काय?" दगडाबाईंनी डोळे बारीक केले. "आमच्याला तर मासळीचा येतोय. तुमच्या केकात काय हुतं, सर?"

"भाज्या."

"कंच्या?"

"गाजर."

"आनि?"

"फरसबी. बटाटा. कोथिंबीर…"

"आनि?"

अशी उलटतपासणी सरांनी कधी कुठल्या पोराची घेतली नव्हती.

"…थोडा कटला."

मग जो गलका उठला! "मास्तर असून खोटं बोलला व्हय!" दगडाबाई कडाडल्या. "खोटं नाही, अर्धं खरं!" सरही तितकेच तापले. "भाज्या होत्या की नाही? आणि माझ्या माशाचा सत्यानाश झाला, त्याचं कुणालाच काही नाही!" त्यावर खारीचा पुडा त्यांच्या हातात कोंबण्यात आला. पाठोपाठ नानकटाईचा डबाही. हनुमंतने बांबू खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"सर, तुमी माजे गुरू. पन या भट्टीची पायरी परत चढू नका."

सर धुमसत घरी आले. जगात गुणांची कदर नाही, विद्यार्थ्यांना कृतज्ञता नाही, असं ते वाटभर पुटपुटत होते. दारात पाऊल टाकलं, तर ट्रेमध्ये फक्त नऊ केक! समोर आराधनाबाई चहा घेत बसलेल्या, ओठाला रवा लागलेला.

"अहो, काय सुंदर झालेत! वेलदोडा घालायचं कुणी सुचवलं तुम्हाला? मी मंडळातल्या दयाला फोनसुद्धा केला. उद्या चर्चनंतर महिला मंडळाला दोन ट्रे न्यायचेत. सकाळी लवकर हनुमंतच्या भट्टीवर जाऊन या."

सरांनी डबा आणि पुडा पाठीमागे लपवले.

"उद्या भट्टी बंद असते."

"मग आज संध्याकाळी जा."

"संध्याकाळीही बंद आहे."

आराधनाबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पायांना लागलेल्या फिनेलकडे पाहिलं आणि अगदी शांत आवाजात विचारलं,

"काय करून आलात?"