दाराला चिकटलेला ब्रोडरसन

जर्मनीतल्या कील शहराच्या संशोधन संस्थेत तेवीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली, की माणसाला एक गोष्ट पक्की कळते. शास्त्रज्ञांना नुसता विचार करता येतो, काम करता येतं ते आपल्याला! निदान त्या मंगळवारी सकाळी साडेनऊपर्यंत माझं असंच मत होतं.

आमची डॉक्टर विब्के लोरेनत्सेन पालीच्या मागे लागली होती. पालीच्या तळपायाला डिंक नसतो, नुसते बारीक केस असतात. तरी ती भिंतीला चिकटते आणि हवी तेव्हा सुटते. विब्केनं रबरासारख्या पॉलिमरच्या पट्टीवर तसेच इवले इवले खांब उभे केले होते. पट्टी काचेवर दाबली की चिकटायची, कडेनं सोलली की सुटायची. प्लाझ्मा यंत्रातल्या जांभळ्या उजेडात थोडा वेळ ठेवली, की पकड आणखी वाढायची.

"हिनर्क, चाळीस सेकंद," विब्के मला बजावायची. "एक्केचाळीस नकोत!"

"अगं, तू शाळेत पाढे घोकत होतीस तेव्हापासून मी हे यंत्र चालवतोय!"

त्या दिवशी दहा वाजता तपासणी समिती येणार होती. समितीनं मान डोलावली तर विब्केला आणखी तीन वर्षं, नाहीतर महिनाअखेरीला टेबल रिकामं. पोरीनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मला भरून आलं. म्हटलं, आपण हिला मदत करायची! चाळीस सेकंदांत एवढी पकड, तर दहा मिनिटांत केवढी? मी कामाच्या हातमोज्यांच्या तळव्यांवर पट्ट्या बसवल्या, त्यांना दहा मिनिटं जांभळं स्नान घातलं आणि प्रवेशद्वाराची काच स्पिरिटनं लख्ख पुसली. समिती आली की पालीसारखा काचेवरून हात सुटा करत आमच्याकडचा नमस्कार घालायचा, "मॉइन, या!"

मोजे चढवले, मनगटाचे पट्टे आवळले, शेवटचा दातांनी. दोन्ही हात डोक्याच्या वर पसरून काचेवर दाबले. वा! काय पकड! मग उजवा हात कडेनं सोलला.

सुटला नाही.

डावा ओढला. काच कुरकुरली, हात जागचा हलला नाही. पट्टे सोडवावेत तर दात तिथवर पोचेनात. आणि तेवढ्यात दारानं मला ओळखलं! ते आपोआप सरकणारं दार हो! माणूस जवळ दिसला की उघडायचं. ते डावीकडे निघालं, पाठोपाठ मी खेकड्यासारखा आडवा धावलो. मी समोरून गेलो म्हणून दार मिटायला लागलं. परत उजवीकडे! मी पुन्हा दिसलो. डावीकडे! समिती आली तेव्हा माझी अकरावी फेरी चालू होती.

आमचे संचालक प्राध्यापक टिडेमान पुढे होते. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

"बघा!" ते अभिमानानं म्हणाले. "आमची पट्टी माणूससुद्धा पेलते!"

"किती वेळ पेलते?" समितीच्या प्रमुख डॉक्टर श्लूटर यांनी चष्मा सावरला.

"पंधरा मिनिटं झाली," मी डावीकडे जाता जाता म्हणालो.

"उत्तम! आता सोडून दाखवा."

"जरा... वेळ... लागेल," मी उजवीकडे येता येता म्हणालो.

टिडेमान हसले. "आमचे ब्रोडरसन नम्र आहेत. सोडा हो!"

मी सर्व ताकद लावली. तोंड टोमॅटोसारखं झालं, पाठीत कळ आली, सदऱ्याचं बटण उडून डॉक्टर श्लूटर यांच्या बुटावर पडलं. तेवढ्यात जिन्यावरून विब्के उतरली. एका नजरेत तिला सगळं कळलं. मी डोळे मिटले. वाटलं, पोरीची तीन वर्षं बुडवली मी!

ती धावत आली, भिंतीवरचं बटण दाबून तिनं दार थांबवलं, माझे पट्टे सोडवले. हात बाहेर आले. मोजे काचेवर तसेच, निरोप दिल्यासारखे!

"किती वेळ ठेवलंस?" तिनं हळूच विचारलं.

"दहा मिनिटं."

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी सालं काढणार. पण ती समितीकडे वळली. "प्रक्रिया जास्त झाली की असं होतं. पट्टी काचेशी कायमची जोडली जाते. पालीचा पाय असा चिकटला तर पाल उपाशी मरेल. आमचं खरं काम चिकटवण्याचं नाही, सोडवण्याचं आहे." मग तिनं खिशातून चाळीस सेकंदांची पट्टी काढली, माझ्या मोज्यांशेजारी दाबली, तिला सामानाची पिशवी लटकवली, पिशवी उतरवून पट्टी चुटकीसरशी सोलली. पुन्हा लावली. असं वीसदा! डॉक्टर श्लूटर यांनी स्वतः एकविसाव्यांदा लावून पाहिलं आणि मोज्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे शेजारी नसते, तर फरक इतका स्पष्ट कळला नसता."

विब्केला तीन वर्षं मिळाली. दुपारी मी तिच्यासाठी हेरिंग मासा घातलेले दोन पाव घेऊन गेलो.

"तू खरं सांगितलं असतंस तर माझी नोकरी गेली असती," मी म्हणालो. "आभार कसे मानू?"

"खोटं काय सांगितलं मी? नाव सांगितलं नाही, एवढंच." तिनं सकाळपासूनचा पहिला घास घेतला. "आणि यंत्राला आता कुलूप लावलंय."

कुलपाबद्दलही मी आभारच मानले. पुढे तिचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारांची यादी होती. मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायला घेतली. विद्यापीठ झालं, सहकारी झाले, आईवडील झाले. माझं नाव कुठेच नाही! मन खट्टू झालं.

"अहो, हे बघा, सापडलं!" बायको ओरडली. "वापरलेल्या साहित्याच्या यादीत आहे, काच आणि हातमोज्यांच्या मधोमध!"