ज्याला विचारलं, त्यानंच बोलायचं

"हो म्हणायलाव खरं, पण तुम्हाला विचारलंय कुणी?"

हे सोनटक्के काका त्यांच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या पप्पांना म्हणत होते. पप्पांच्या हातात पैशांचं पाकीट होतं आणि पप्पांच्या मागे मी होते. काकांना त्यांची स्कूटर विकायची होती आणि त्यांनी लिफ्टमध्ये मला विचारलं होतं, "बावीस हजार. घेतेस?" मी नुसती हसले होते. अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही. पुढचं बोलायला पप्पा आले होते.

"अहो, एकाच घरातले आहोत आम्ही," पप्पा म्हणाले.

"घर एक असंल. तोंडं तीन आहेत."

आणि दार बंद.

काका मूळचे लातूरकडचे. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते आणि त्यांच्या सहीशिवाय तिथून साधा नटही बाहेर पडत नसे, असं ते सांगतात. आता मुलाने त्यांना बंगळुरूला न्यायचं ठरवलं, तसं थेरगावातलं घर रिकामं करायला त्यांनी एकेक वस्तू विकायला काढली. वस्तू एकाच माणसाला विचारायची आणि होकार त्याच माणसाच्या तोंडून घ्यायचा, हा नियम.

कुकर त्यांनी शेखभाभींना विचारला होता. गॅरेजवाले शेखभाई म्हणाले, "काका, ले लिया समझो." काका म्हणाले, "भात तुम्ही लावता का?" भाभी माहेराहून येईपर्यंत वीस दिवस कुकर दाराशी बसून होता. टेबलफॅन जाधवांच्या जुळ्यांपैकी एकाला विचारला होता. कोणत्या, ते काकांना आठवेना. दोघंही "मलाच" म्हणाले. पंखा अजून काकांकडेच आहे.

माझी मात्र घाई होती. माण गावाला जाणारी आमच्या ऑफिसची बस एक तारखेपासून बंद होणार होती आणि काका रविवारी निघणार होते. मला स्कूटर येत नाही, पण "शिकेल की ती," हेही पप्पांनीच सांगून टाकलं होतं.

मी काकांना मोबाइलवर अंगठा पाठवला. ते पार्किंगमध्ये भेटले. "अंगठा आला. कुणाचाय?"

आईने होकार म्हणून पुरणपोळ्या पाठवल्या. धुतलेला डबा परत देताना काका म्हणाले, "पोळी झकास. उत्तर आलं नाही."

एक 'हो' तर म्हणायचं होतं. पण घरात मराठी आणि शाळा झाली इंग्रजीत. महत्त्वाचं काही बोलायचं झालं की दोन्ही भाषा एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणत दारातच थांबतात.

शनिवारी संध्याकाळी मी एकटीच गेले. हॉलमध्ये एक बॅग, पंखा आणि काका. खिडकीखाली फरशीवर गंजाचे चार डाग होते. मी त्यांच्याकडेच बघत उभी राहिले.

"हिची शिलाई मशीन होती तिथं," काका म्हणाले. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. "शेजारीण आली, हिला विचारली, देता का म्हणून. ही आत चहा टाकायली होती. मीच म्हणालो, घेऊन जा, नुसती धूळ खायलीय. ही काही बोलली नाही. चहा आणून दिली. मग रोज दुपारी तिथंच स्टूल टाकून बसायची. ती काय म्हणली असती, ते मला अजून माहीत नाही."

तेवढ्यात मोबाइल वाजला. मुलाचा होता. "हो... झालं पॅकिंग... तू म्हणशील तसं," काका म्हणाले आणि फोन ठेवून खिडकीतून खाली स्कूटरकडे बघत राहिले.

मग त्यांनी कॉलर नीट केली आणि तपासणीला उभं राहावं तसे ताठ झाले.

"परत विचारतो. स्कूटर. बावीस हजार. घेतेस?"

"घेते, काका. पण मला चालवता येत नाही. इथेच राहून शिकवाल का? तुम्हाला विचारतेय. तुमच्या मुलाला नाही."