न पडलेल्या दुष्काळाचं दालन

ज्या देशाला इतिहास नसतो त्याला जग तरुण म्हणतं आणि सांभाळून घेतं. पण ज्या राष्ट्राध्यक्ष निवासातल्या खोल्यांना इतिहास नसतो, त्या निवासाच्या नळांकडेसुद्धा लोक संशयाने बघू लागतात. हे सत्य आमच्या महामहिमांना शेजारच्या देशात पाहुणचार घेताना उमगलं. तिथल्या अध्यक्षांनी त्यांना आपल्या निवासातून हिंडवलं. या खोलीत तह झाला, त्या खोलीत मोडला, या पलंगावर एक सेनापती मरता मरता वाचला (पुढे त्याने बंड केलं, पण ते दुसऱ्या खोलीत). महामहिम "वा, वा" म्हणत राहिले. शेवटी यजमानांनी सहज विचारलं, "आणि तुमच्याकडे?"

महामहिमांना आपल्या निवासाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की पश्चिमेकडच्या खोल्या दुपारी फार तापतात.

परत येताच हुकूम सुटला: प्रत्येक खोलीला इतिहास हवा, आणि तो शेजारचे अध्यक्ष परतभेटीला येण्याआधी हवा. त्यासाठी 'कक्षेतिहासकार' असं एक पद निर्माण झालं. त्या पदावर तियामिके न्यालुग्वे यांची नेमणूक झाली. तियामिकेबाई मुलींच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. (दुसरे उमेदवार विद्यापीठातले प्राध्यापक होते. त्यांनी मुलाखतीत 'पुरावा' हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून स्वतःचं नुकसान करून घेतलं.) पदाबरोबर निवासाच्या आवारात दोन खोल्यांचं घर मिळालं. थोरल्या विधवा बहिणीला, नासिबेकोला, घेऊन बाई तिथे राहायला आल्या.

बाईंना कामाची रीत समजावून दिली ती निवासाचे मुख्य कार्यवाह बवानाली सोमांजे यांनी. सोमांजेसाहेबांनी आजवर चार अध्यक्षांची सेवा केली होती. चौघांचं कौतुक त्यांनी त्याच शब्दांत केल्यामुळे सरकारचे बरेच श्रम वाचले होते.

"बाई, खोटं एक अक्षर लिहायचं नाही," ते म्हणाले. "आणि खरं लिहायची घाई करायची नाही."

बाईंना हे लवकर जमलं. मंत्रिमंडळ कक्षात मंत्रिमंडळ एकदाच बसलं होतं. छताला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, ते अर्थमंत्र्यांच्या भाषणात खाली आलं, आणि तेव्हापासून देशाचा कारभार व्हरांड्यातून चालला. बाईंनी लिहिलं: 'येथे पहिल्या मंत्रिमंडळाची बैठक कमालीच्या वेगाने आटोपली.' स्वातंत्र्याच्या करारावर सह्या झाल्या त्या इस्त्रीच्या खोलीत, कारण घरात न डुगडुगणारं टेबल तेवढं एकच होतं. ते टेबल आता ग्रंथालयात आहे. बाईंनी लिहिलं: 'करार या टेबलावर झाला.' कुठे, हे टेबलाला विचारावं. निळा कक्ष हिरवा होता. रंग बदलायला निधी नव्हता आणि नाव बदलायला कायदा लागला असता, म्हणून 'निळा कक्ष (हिरवा)' असं ठरलं. शाळेत इतकी वर्षं नेमलेलं पुस्तक शिकवलेल्या बाईला यात जड काय जाणार? उलट मजाच वाटू लागली.

मग मेजवानीचं दालन उघडलं.

ते बरीच वर्षं बंद होतं. धूळ बसू नये म्हणून मोठ्या झुंबराला पोती बांधलेली होती. बाईंनी वर पाहिलं आणि त्यांचे पाय जागीच थबकले. लहानपणीची त्यांची सगळ्यात जुनी आठवण ही होती: आपण चार वर्षांच्या आहोत, खाली गरम आहे, गर्दी आहे, आणि वर पोत्यांत बांधलेलं काहीतरी अवाढव्य लोंबतंय. ते मिशनचं चर्च असणार, असं त्या आयुष्यभर धरून चालल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. उंची लाकडाच्या फरशीवर मोठमोठी काळी वर्तुळं होती, तापलेल्या भांड्यांच्या बुडांची.

घरी नासिबेको पायरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

"अक्का, ते चर्च नव्हतंच ना गं?"

"कुठलं?"

"पोत्यांचं."

नासिबेकोने हातातली शेंग खाली ठेवली. "चर्चमध्ये कधी पोटभर पेज मिळालीय का तुला, वेडे? तू तिथे दोनदा रांगेत शिरायचीस. आगोगोला कळायचं. तरी वाढायची."

आगोगो म्हणजे आजी. निवासाखालचा सगळा डोंगरउतार तिला त्याच नावाने हाक मारायचा. ती देशाच्या दुसऱ्या अध्यक्षांची आई, एनेलेस. त्या वर्षी मका उभाच करपला होता आणि दुष्काळ पडलेला नाही असं सरकारने जाहीर केलं होतं. स्वयंपाकघराचं अंगण रस्त्यावरून दिसायचं, म्हणून म्हातारीने मेजवानीच्या दालनाचं मागचं दार उघडलं आणि पेजेचे हंडे थेट लाकडी फरशीवर मांडले.

"रेडिओवर पोरगा सांगायचा, कुणी उपाशी नाही," नासिबेको म्हणाली. "आणि मागच्या दारी आई विचारायची, अजून वाढू का? पीक आलं तशी त्याने तिला गावी धाडली. विश्रांतीला. मरेपर्यंत विश्रांतीच घेतली बिचारीने. नंतर तिचं नाव काढायची चोरी झाली." तिने पुन्हा शेंग उचलली. "लिहिशील ना?"

"लिहीन की."

"तसं नको हं, त्या निळ्या-हिरव्यासारखं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळं जसंच्या तसं लिहून सोमांजेसाहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते आदराने वाचलं.

"बाई, अडचण एवढीच आहे की दुष्काळ पडला नव्हता. ठराव आहे तसा."

"साहेब, मी तिथे जेवलेय."

"जेवलात, मान्य. त्यावरून तुम्हाला भूक लागली होती एवढंच सिद्ध होतं. चार वर्षांच्या पोराला भूक लागतेच. त्याला दुष्काळ म्हणायचं ठरलं तर आपल्या देशात रोज दुपारी दुष्काळ पडेल."

"आणि ती वर्तुळं?"

"नृत्य," साहेब क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "दुसऱ्या अध्यक्षांच्या काळात फार जोमाने नाच होत. शिवाय वर गालिचा टाकणार आहोत." मग आवाज मऊ करून ते म्हणाले, "घर चांगलं मिळालंय तुम्हाला. बहिणीच्या गुडघ्यांना इथली चढण सोसते ना?"

बाईंनी कागद परत घेतला. त्या संध्याकाळी त्यांनी नासिबेकोच्या नजरेला नजर दिली नाही, आणि नासिबेकोनेही काही विचारलं नाही. हे बाईंना जास्त लागलं.

पाहुणे आले. इथे शासनाच्या काटकसरीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. निवासाच्या मालकीचा लाल गालिचा एकच होता, आणि राजशिष्टाचारानुसार तो पाहुण्यांच्या विमानाखाली अंथरला होता. विमानतळावरून तो गुंडाळून, ट्रकमध्ये घालून, पाहुण्यांच्या आधी दालनात पोचवायचा अशी चोख योजना होती. मात्र पाहुण्यांच्या ताफ्यासाठी सगळे रस्ते अडवले होते आणि ट्रक त्याच रस्त्यांवर अडकला. पोलिसांनी आपलं काम उत्तम केलं.

बाई पुढे चालत खोल्यांची माहिती सांगत होत्या. मंत्रिमंडळ कक्षातल्या वेगाची पाहुण्यांनी वाखाणणी केली. हिरव्याला निळा म्हणण्यात त्यांना काहीच खटकलं नाही; ते स्वतः अध्यक्ष होते. मग दालन आलं. उघडी फरशी पाहून सोमांजेसाहेबांचा चेहरा पेजेसारखा पातळ झाला.

पाहुणे मधोमध थांबले. "ही वर्तुळं कसली?"

"नृत्य, महामहिम," सोमांजेसाहेब म्हणाले. "जोरदार नृत्य."

"एकाच जागी? लाकूड जळेपर्यंत?"

आमच्या महामहिमांनी छताकडे पाहिलं. मंत्र्यांनीही तेच केलं. घर गेलं तर नासिबेकोला घेऊन कुठे जायचं, हा विचार बाईंच्या मनात आला. पण त्याआधीच तोंडातून शब्द निघून गेले होते.

"हंड्यांची आहेत, महामहिम. त्या वर्षी आगोगो एनेलेसने इथे लोकांना पेज वाढली. मी पण होते. दुसऱ्यांदा मागितली तरी रागावली नाही."

पाहुणे वाकले, एका वर्तुळावर त्यांनी बोटं टेकवली.

"कुठल्या वर्षी? नदी आटली त्या?"

"हो."

"त्या वर्षी आमच्याकडेही दुष्काळ पडला नव्हता," पाहुणे म्हणाले. "आमचा न पडलेला दुष्काळ तुमच्यापेक्षा मोठा होता." ते उठले. "आमच्याकडे वाढायला मात्र कुणी नव्हतं."

आमच्या महामहिमांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. एका खोलीच्या बाबतीत का होईना, शेजारी मागे पडला होता. त्यांनी तिथेच घोषणा केली की हे दालन म्हणजे राष्ट्राचं भूषण आहे. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात सोमांजेसाहेबांनी वाजवल्या, आणि बाईंना हळूच म्हणाले, "मी म्हणतच होतो, घाई करायची नाही."

राहता राहिला ठराव. तो रद्द केला असता तर त्या काळच्या सगळ्या सरकारी आकडेवारीचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून पाटीचा मजकूर तयार केला, आणि पितळेची पाटी दारावर लागली:

'दोन्ही देशांत न पडलेल्या दुष्काळाच्या स्मरणार्थ. येथे आगोगो एनेलेस यांनी भूक न लागलेल्या असंख्य लोकांना जेवू घातले.'

बाईंना पाटी पाहून रडावं की हसावं कळेना. त्यांनी नासिबेकोला आणून दाखवली. ती अक्षरं जुळवत, ओठ हलवत, सावकाश वाचत गेली.

"मूर्ख आहेत सगळे," ती म्हणाली. मग तिने कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या, त्या छापील कापडाच्या, टोकाने म्हातारीच्या नावावरची धूळ पुसली. "पण नाव बरोबर लिहिलंय."

आता निवास लोकांना पाहायला खुला आहे. बाईंची नेमणूक कायम झाली, घरही राहिलं. म्हाताऱ्या बायका लांबून येतात, आपापलं वर्तुळ शोधून त्याच्या कडेला गप्प उभ्या राहतात. बाकीचे पाटीशी फोटो काढतात आणि पोट धरून हसतात. तुम्हीही आत्ता वाचताना हसलात. त्याला मनाई नाही. फक्त बाहेर पडताना बाई दारात उभ्या असतात, आणि प्रत्येकाला अगदी आदराने एकच विचारतात: "आणि तुमच्या घरात काय झालं नव्हतं?"

लोक आधी हसतात. मग चपला शोधू लागतात.